बंदीकाळातील गळ : प्रजनन हंगामात महासीर व ट्राऊटची बेकायदा मासेमारी

हिमाचल प्रदेशात गेली अनेक वर्षे १६ जून ते १५ ऑगस्ट या दोन महिन्यांत जलाशय आणि सर्वसाधारण नद्या-नाल्यांतील मासेमारी पूर्णपणे बंद ठेवली जाते. गोविंदसागर, पोंग, चमेरा आणि कोल या जलाशयांवरील परवानाधारक मच्छीमार या काळात होड्या काठावर ओढून घेतात आणि जाळी आवरून ठेवतात. माशांच्या बहुसंख्य जातींचा हा प्रजननाचा काळ असल्याने शासनाने घातलेली ही बंदी आहे. ती मोडणाऱ्यांचा विचार करताना डोळ्यांसमोर प्रथम येतात ते चोरून जाळे टाकणारे, सुरुंग लावणारे किंवा पाण्यात विषारी पूड कालवणारे. त्यांच्याखेरीज आणखी एक वर्ग आहे. हातात काठी, रीळ आणि गळ घेऊन उपनदीच्या मुखाशी बसणारा हौशी मासेमार स्वतःला कायदा मोडणाऱ्यांत गणत नाही. एका गळाला लागणाऱ्या एका माशाने नदीचे काय बिघडणार, अशी त्याची समजूत असते. प्रजनन हंगामाचा विचार करता ही समजूत चुकीची आहे. भारतातील गोड्या पाण्याचा सर्वांत प्रतिष्ठित मासा मानल्या गेलेल्या महासीरला तिची किंमत मोजावी लागते.

बंदीकाळ म्हणजे काय

मासे अंडी घालतात, अंड्यांतून पिल्ले बाहेर पडतात आणि ती स्वतंत्रपणे जगू लागतात, तेवढा काळ मासेमारी थांबवणे म्हणजे बंदीकाळ. त्यामागील हिशेब साधा आहे. अंडी घालण्यापूर्वी पकडलेल्या मादीबरोबर तिची त्या वर्षाची सारी संतती नष्ट होते. तीच मादी दोन महिन्यांनंतर पकडली गेली तर तिची पुढील पिढी पाण्यात उतरलेली असते.

सागरी मासेमारीतील बंदी बहुतेकांच्या परिचयाची आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून असे प्रत्येकी ६१ दिवस देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात केंद्र शासनाच्या आदेशाने मासेमारी बंद असते. गोड्या पाण्यातील बंदीला असे एकसारखे वेळापत्रक नाही. हिमाचलात ती जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असते. आसामात प्रजननक्षम मासे पकडण्यावर १ एप्रिल ते १५ जुलै असे निर्बंध असतात, कारण ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात पाणी लवकर चढते. पश्चिम बंगालमध्ये हिलसाच्या बाबतीत काळाबरोबर आकाराचाही नियम आहे आणि २३ सेंटिमीटरपेक्षा लहान हिलसा पकडण्यास व विकण्यास तेथे मनाई आहे.

सागरी व गोड्या पाण्याच्या बंदीत आणखी एक महत्त्वाचा भेद आहे. समुद्रातील बंदी प्रामुख्याने नौकांवर असते आणि बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना तीतून सूट मिळते. हिमाचलासारख्या राज्यातील बंदी मात्र पाण्यावरच असते. त्या पाण्यात जाळे टाकणे, हाताने मासा धरणे आणि काठीने गळ टाकणे या तिन्ही गोष्टी मासेमारीच ठरतात. ‘बंदी ट्रॉलरवाल्यांसाठी, गळ टाकणाऱ्याला कोण अडवतो,’ हा समज किनाऱ्यावरील अनुभवातून आलेला असला तरी डोंगरी नदीवर तो लागू पडत नाही.

महासीरचा पावसाळी प्रवास

महासीर हे एका माशाचे नाव नसून टॉर या प्रजातीतील अनेक जातींना मिळून दिलेले नाव आहे. हिमालयातील नद्यांत आढळणारा सोनेरी महासीर हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध होय. हिमाचल प्रदेश, उत्तराखंड आणि अरुणाचल प्रदेश या राज्यांनी त्याला राज्यमाशाचा दर्जा दिला आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून आहे.

हा मासा वर्षाचा बराच काळ मोठ्या नदीच्या खोल डोहांत घालवतो. बर्फ वितळून आणि पाऊस पडून नदीला पाणी चढू लागले की तो प्रवाहाविरुद्ध वर निघतो आणि लहान उपनद्यांत शिरतो. तेथील उथळ, स्वच्छ, भरपूर प्राणवायू असलेले पाणी आणि गोट्या-वाळूचा तळ अंड्यांना मानवतो. पिवळसर सोनेरी अंडी तळाशी बसतात आणि पाण्याच्या तापमानानुसार साधारण तीन-चार दिवसांत फुटतात. मादी सर्व अंडी एकदम घालत नाही. हंगामात टप्प्याटप्प्याने घालते. त्यामुळे एखाद्या पुराने पहिली अंडी वाहून गेली तरी पुढील टप्प्याची आशा राहते. अंडी घालण्याचा काळ लांबत जाण्याचे कारणही हेच.

उत्तराखंडातील नयार ही अशा उपनद्यांपैकी एक. पौडी जिल्ह्यात व्यासघाट येथे ती गंगेला मिळते. शरयू आणि महाकाली यांच्या संगमावरील पंचेश्वर हेही महासीरचे असेच ठिकाण. ही दोन्ही नावे देशोदेशींच्या हौशी मासेमारांना ठाऊक आहेत. मासे संगमावर गोळा होतात, तेथे थबकतात आणि पाणी अनुकूल होताच वर चढतात, हे अनुभवी मासेमाराला कोणत्याही पुस्तकाविना कळते. मोकळ्या हंगामात हे ज्ञान त्याचे कौशल्य ठरते. बंदीकाळात त्याच ज्ञानाचा उपयोग करणे म्हणजे अंडी घालायला निघालेल्या माशाची वाट अडवून बसणे होय.

एक मासा, अनेक पिढ्या

रोहू, कटला आणि मृगळ या माशांच्या मादीत दर किलो वजनामागे लाखाच्या घरात अंडी असतात. महासीरच्या मादीत ही संख्या काही हजारांत मोजावी लागते. महासीरची वाढ सावकाश होते, मादी नरापेक्षा उशिरा प्रौढ होते आणि मोठ्या, वयस्क माद्या अंड्यांच्या दृष्टीने सर्वांत मोलाच्या असतात. गळ टाकणाऱ्याचे लक्ष नेमके मोठ्या माशावर असते. विशिष्ट आसाचे जाळे विशिष्ट आकाराचे मासे अडवते. गळाचा आकार, आमिष आणि जागा निवडणारा मासेमार मात्र डोहातील सर्वांत मोठा मासा शोधत असतो. गाबोळीने भरलेली एखादी मोठी मादी त्याच्या गळाला लागली, तर त्या छोट्या उपनदीची त्या वर्षाची उपज एका दुपारीत घटू शकते.

मासा पकडून छायाचित्र काढायचे आणि तो पुन्हा पाण्यात सोडायचा, ही पद्धत मोकळ्या हंगामात निश्चितच स्वागतार्ह आहे. बंदीकाळात मात्र तीही निर्दोष राहत नाही. महासीर गळाला लागल्यावर प्रदीर्घ झुंज देतो आणि त्याच झुंजीसाठी हौशी मासेमार त्याच्यावर फिदा असतात. या झुंजीत त्याच्या स्नायूंत आम्ल साठते आणि तो थकतो. प्रवाहाविरुद्ध चढताना आणि अंडी परिपक्व करताना त्याची बरीच शक्ती आधीच खर्ची पडलेली असते. गाबोळीने भरलेल्या मादीला हातात उचलून धरताना पोटावर दाब पडतो आणि अंडी बाहेर सांडू शकतात. सोडलेला मासा पोहत निघून जाताना दिसला तरी तो पुढे वर चढून अंडी घालेलच, याची हमी काठावरून देता येत नाही. म्हणून बंदीच्या नियमाला मासा घरी नेला की सोडला याच्याशी कर्तव्य नसते. गळ पाण्यात पडणे हेच उल्लंघन मानले जाते.

महासीरची संख्या घटण्याची मोठी कारणे वेगळी आहेत, हेही नोंदवले पाहिजे. धरणांनी त्याच्या वरच्या प्रवासाचे मार्ग तोडले, वाळू व गोट्यांच्या उपशाने अंड्यांच्या जागा नष्ट झाल्या, सुरुंग आणि विषप्रयोगाने डोहच्या डोह रिकामे झाले आणि शहरांचे सांडपाणी नद्यांत उतरले. या तुलनेत गळाचा वाटा लहान आहे. परंतु धरणांमुळे वर जाण्यासाठी ज्या थोड्या उपनद्या शिल्लक राहिल्या, त्यांतच आता मासे दाटीने येतात. जागा जितक्या कमी, तितके त्या जागी बसलेल्या एका माणसाचे नुकसान करण्याचे सामर्थ्य अधिक.

ट्राऊटची हिवाळी बंदी

हिमालयातील वरच्या, थंड पाण्याचे वेळापत्रक उलट आहे. तेथील ब्राऊन ट्राऊट हा परदेशातून आणलेला मासा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडहून त्याची अंडी काश्मीरला आणण्याचे प्रयत्न सुरू झाले. पहिली खेप वाटेतच नष्ट झाली आणि १९०० मधील दुसरी यशस्वी ठरली. कुलू खोऱ्यात १९०९ च्या सुमारास बियास नदीत ट्राऊट सोडण्यात आला. आज बियासचा वरचा भाग, तीर्थन आणि सैंज या नद्या ट्राऊटसाठी ओळखल्या जातात आणि पतलीकुहल येथील शासकीय मत्स्यकेंद्र प्रसिद्ध आहे.

ट्राऊट अंडी घालतो ती हिवाळ्यात. मादी शेपटीने तळाची खडी उकरून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि पुन्हा खडीने झाकते. बर्फाळ पाण्यात ही अंडी अनेक आठवडे त्या खडीत राहतात. म्हणून हिमाचलात ट्राऊटची मासेमारी १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंद असते, तर काश्मीरमध्ये ट्राऊटचा मोकळा हंगाम सर्वसाधारणपणे एप्रिल ते सप्टेंबर असा मानला जातो. हिवाळी बंदीत गळाखेरीज मासेमाराच्या पायांचाही धोका असतो. उथळ पाण्यात उतरून चालणाऱ्याच्या बुटांखाली खडीतील अंडी चिरडली जातात आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

एकाच नदीवर अशी दोन वेळापत्रके असल्याने गोंधळाला वाव राहतो. जुलै महिन्यात वरच्या भागात ट्राऊटचा परवाना घेऊन बसलेला मासेमार कायदेशीर असतो. त्याच दिवशी, त्याच काठीने, काही अंतर खाली महासीरच्या पाण्यात बसलेला दुसरा मासेमार गुन्हा करत असतो. आपण ज्या पाण्यावर उभे आहोत ते कोणत्या वर्गात मोडते, हे जाणून घेण्याची जबाबदारी परवानाधारकावरच आहे.

सव्वाशे वर्षांचा कायदा आणि राज्यांचे नियम

प्रजनन हंगामातील हानीची चिंता नवी नाही. फ्रान्सिस डे यांनी १८७३ मध्ये भारत व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या मासेमारीवर सविस्तर अहवाल सादर केला. वर चढणारे प्रजननक्षम मासे आणि खाली उतरणारी पिल्ले सापळ्यांत व बारीक जाळ्यांत कशी मारली जातात, हा त्यातील एक प्रमुख विषय होता. त्याच वर्षी मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी एच. एस. थॉमस यांचे भारतातील गळाच्या मासेमारीवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. मासेमारीचा शौकीन असलेला हाच अधिकारी महासीरच्या रक्षणाचाही पुरस्कर्ता होता.

यानंतर काही वर्षांनी १८९७ चा भारतीय मत्स्य अधिनियम आला. स्फोटके आणि विष वापरून मासे मारणे त्याने गुन्हा ठरवले. स्थिर सापळे, बंधारे, जाळ्यांचे प्रकार व आस यांवर नियम करण्याचा अधिकार त्याने प्रांतिक शासनांना दिला. एखाद्या निर्दिष्ट पाण्यातील सर्व मासेमारी दोन वर्षांपर्यंत बंद ठेवण्याची मुभाही त्यात होती. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय हा राज्य सूचीतील २१ वा विषय आहे, तर प्रादेशिक सागरी हद्दीपलीकडील मासेमारी संघ सूचीत ५७ व्या क्रमांकावर आहे. त्यामुळे नद्या व तलावांबाबत प्रत्येक राज्याचा स्वतःचा कायदा किंवा नियमावली आहे. हिमाचल प्रदेशाचा कायदा १९७६ चा, तर महाराष्ट्राचा मत्स्यव्यवसाय अधिनियम १९६० चा आहे.

या रचनेचा परिणाम सीमेवरील नद्यांवर जाणवतो. टोन्स नदीचा काही भाग हिमाचल आणि उत्तराखंड यांच्या सीमेवरून वाहतो, तर महाकाली भारत व नेपाळची सीमा आखते. मासा दोन्ही काठांच्या मधून जातो. काठ मात्र वेगवेगळ्या प्रशासनांच्या ताब्यात असतात. अभयारण्ये व राष्ट्रीय उद्यानांतील पाण्याला १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियमही लागू होतो आणि तेथे वनविभागाची परवानगी हा स्वतंत्र प्रश्न असतो. मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना हातात असला म्हणजे अभयारण्यात गळ टाकता येतो, असे नाही.

अंमलबजावणीची अडचण याहून व्यावहारिक आहे. जलाशयात जाळी लावणारी होडी दुरून दिसते, तिची नोंदणी असते आणि मासे उतरवण्याची जागाही ठरलेली असते. गळाची घडीची काठी पिशवीत मावते. पहाटे किंवा संध्याकाळी, रस्त्यापासून दूर असलेल्या डोहावर एखादा माणूस बसला तर तेथे मत्स्यरक्षक पोहोचण्यापूर्वी तो उठून गेलेला असतो. पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ते बंद होतात आणि गस्त आणखी विरळ होते. म्हणून या बंदीची भिस्त गस्तीपेक्षा काठावरील गावकरी आणि स्वतः मासेमार यांच्यावर अधिक आहे.

महाराष्ट्र : चढणीचे मासे आणि देवाचे डोह

महाराष्ट्रातील वाचकाला हा विषय परका नाही. पहिल्या जोरदार पावसात ओढे-नाले भरले की मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि भातखाचरांपर्यंत येतात. दक्षिण कोकणात आणि घाटमाथ्यावर त्यांना चढणीचे मासे म्हणतात, तर रायगडाकडे वळगणीचे मासे हा शब्द रूढ आहे. रात्री बत्ती किंवा विजेरी घेऊन हे मासे पकडायला जाणे हा अनेक गावांत वर्षाचा उत्सवच असतो आणि या माशांतील गाबोळी विशेष आवडीने खाल्ली जाते. मासे चढतात ते अंडी घालण्यासाठी. पूर्वी नदीत मासे विपुल होते आणि पकडणारे हात मोजके होते, तेव्हा ही परंपरा नदीला पेलत होती. आता बारीक आसाची नायलॉनची जाळी, विजेचा धक्का आणि रस्त्यांमुळे दूरवरून येणारी गर्दी यांनी तिचे स्वरूप पालटले आहे. अनेक ठिकाणचे जाणते लोक चढणीचे मासे घटल्याचे सांगतात आणि सुरुवातीचे काही दिवस तरी मासे वर जाऊ द्यावेत, असा आग्रह धरतात.

याच राज्यात संरक्षणाचीही जुनी परंपरा आहे. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात शिवमंदिरालगत मोठे महासीर निर्धास्त फिरतात, कारण तेथे मासा मारणे निषिद्ध मानले जाते. रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळणकोंड या डोहातील मासे वरदायिनी देवीचे समजले जातात आणि गावकरी त्यांना खाऊ घालतात. कर्नाटकातील शृंगेरी येथे तुंगेच्या पात्रात आणि हिमाचलातील जोगिंदरनगरजवळील माछियाल येथेही असेच देवाचे डोह आहेत. या ठिकाणी बंदीकाळ बाराही महिने असतो आणि तो पाळण्यासाठी कोणी शिपाई लागत नाही. मात्र पावसाळ्यात मासे डोह सोडून वर जातात आणि डोहाच्या हद्दीबाहेर त्यांना देवाचे संरक्षण नसते. तेथून पुढे त्यांचे रक्षण बंदीकाळाच्या नियमानेच होऊ शकते.

महाराष्ट्रातील महासीरला खडस, खडशी अशी नावे आहेत. विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील नमुन्यांवरून या जातीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला खुद्री हे जातिनाम दिले. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटा वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महासीरच्या कृत्रिम प्रजननाचे केंद्र चालवले आणि तेथील मत्स्यबीज अनेक राज्यांना पुरवले.

कावेरीचा धडा

या मत्स्यबीजाचा प्रवास कावेरीपर्यंत झाला आणि तेथे एक अनपेक्षित प्रश्न उभा राहिला. कावेरीच्या खोऱ्यात पाठीवर उंचवटा असलेला महासीर राहतो. जगातील सर्वांत मोठ्या महासीरांत त्याची गणना होते. कावेरी खोऱ्यात १९४६ मध्ये गळाने पकडलेल्या एका महासीरचे वजन १२० पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलो भरले होते. लोणावळ्याहून आलेला निळसर पंखांचा महासीर कावेरीत झपाट्याने वाढला आणि मूळ जात मागे पडत गेली. कावेरीतील या महासीरची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये निश्चित झाली आणि त्याच वर्षी लाल यादीत त्याची नोंद अतिसंकटग्रस्त अशी झाली.

हा बदल लक्षात आला तो हौशी मासेमारांनी ठेवलेल्या नोंदींमुळे. कावेरीवरील गालिबोरे येथील शिबिरात १९९८ ते २०१२ या काळात पकडून सोडलेल्या माशांची नोंद ठेवली गेली होती. मूळ जातीचे मासे कमी होत गेले आणि लहान मासे तर जवळजवळ दिसेनासे झाले, हे त्या नोंदींतून संशोधकांना समजले. पुढे वन्यजीव कायद्याच्या अन्वयार्थामुळे अभयारण्यातील ही शिबिरे बंद झाली. शिबिरांतील मासेमार आणि त्यांचे स्थानिक मदतनीस नदीवर असताना सुरुंगवाल्यांवर आपोआप वचक राहत होता, तो आता नाहीसा झाला, असे मासेमारांच्या संघटनांचे आणि काही संशोधकांचे म्हणणे आहे. अभयारण्यात प्राण्यांचा खेळ होऊ नये, असे दुसऱ्या बाजूचे मत आहे.

या वादातून बंदीकाळाच्या संदर्भात दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की मत्स्यबीज सोडणे हा प्रजनन हंगामाच्या रक्षणाला पर्याय नाही. रोहू-कटल्यासारख्या माशांचे प्रेरित प्रजनन १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे यशस्वी झाले आणि तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. तळ्यातील मत्स्यशेतीला त्याने नवे युग दिले. वाहत्या नदीत मात्र एका खोऱ्यातील बीज दुसऱ्या खोऱ्यात सोडल्याने तेथील मूळ जातच धोक्यात येऊ शकते. ज्या नदीचा मासा, त्याच नदीत त्याला अंडी घालू देणे हा सर्वांत स्वस्त आणि सुरक्षित मार्ग आहे. दुसरा निष्कर्ष असा की नियम पाळणारा हौशी मासेमार नदीचा राखणदार होऊ शकतो. बंदीकाळात चोरून बसणारा मात्र ज्या युक्तिवादावर ही हौस उभी आहे, तो युक्तिवादच कमकुवत करतो.

बंदी पाळणाऱ्यांची किंमत

बंदीकाळाचा खरा भार उचलतो तो पोटासाठी मासे पकडणारा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सामाजिक व आर्थिकदृष्ट्या मागास, सक्रिय पारंपरिक मच्छीमार कुटुंबांना बंदी किंवा मंदीच्या काळासाठी साहाय्य दिले जाते. मच्छीमाराने स्वतः १,५०० रुपये जमा करायचे, शासनाने ३,००० रुपये घालायचे आणि जमा झालेले ४,५०० रुपये तीन महिन्यांत दरमहा १,५०० रुपयांप्रमाणे त्याला परत मिळायचे, असे तिचे स्वरूप आहे. महिन्याला १,५०० रुपयांत कुटुंब चालत नाही, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. तरीही जलाशयावरील हजारो कुटुंबे ऑगस्टमध्ये मासे वाढलेले मिळतील या भरवशावर दोन महिने थांबतात.

त्यांच्या डोळ्यांदेखत शहरातून आलेला कोणी काठी काढून बसतो आणि मोठ्या माशासह हसतमुख छायाचित्र काढतो, तेव्हा माशाबरोबर नियमावरील विश्वासही हिरावला जातो. ‘आमच्या जाळ्याला बंदी आणि त्याच्या गळाला मोकळीक’ हा प्रश्न काठावर विचारला जाऊ लागला की पुढील वर्षी गावातील एखादे जाळेही रात्री पाण्यात जाते. हौशी मासेमाराच्या दृष्टीने तो एका सुटीचा प्रश्न असतो; मच्छीमाराच्या दृष्टीने दोन महिन्यांच्या मिळकतीचा.

मासेमाराने काय पाहावे

गळाने मासेमारी करू इच्छिणाऱ्याने प्रवासाला निघण्यापूर्वी चार गोष्टींची खातरजमा करणे आवश्यक आहे. पहिली म्हणजे संबंधित राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने त्या वर्षासाठी जाहीर केलेला बंदीकाळ. तारखा राज्यागणिक वेगळ्या असतात आणि अधिसूचनेने बदलू शकतात. दुसरी, ते पाणी ट्राऊटचे, महासीरचे, जलाशयाचे की अभयारण्यातील आहे ही माहिती. तिसरी, परवान्यावर नमूद असलेली मुदत, माशांची संख्या आणि किमान आकार. चौथी, त्या डोहाबाबत गावाची स्वतःची काही बंदी आहे का, ही विचारणा. ती कागदावर नसली तरी काठावर पाळली जाते.

बंदीकाळात कोणी गळ, जाळे, स्फोटके किंवा विष वापरताना आढळल्यास त्याच्याशी स्वतः वाद न घालता मत्स्यव्यवसाय विभागाला किंवा पोलिसांना कळवणे योग्य ठरते. बंदीकाळात पकडलेला मासा विकत न घेणे हाही मदतीचाच भाग आहे, कारण गाबोळीच्या माशाला गिऱ्हाईक असते तोवर तो पकडणाराही असतो.

हिमाचलातील जलाशयांवर १६ ऑगस्टला जाळी पुन्हा पाण्यात उतरतात. तोपर्यंत वरच्या ओढ्यांतील अंडी फुटलेली असतात आणि नखाएवढी पिल्ले गोट्यांच्या आडोशाला वाढू लागलेली असतात. त्यांतील फारच थोडी मोठ्या नदीपर्यंत पोहोचतील आणि त्याहूनही थोडी प्रौढ होऊन काही वर्षांनी त्याच ओढ्यांकडे परततील. पुढील काळात त्या नद्यांत महासीर किती असतील, हे या दोन महिन्यांत किती माद्या वर पोहोचल्या यावर बऱ्याच अंशी अवलंबून राहील.